ठकू कासारीण आणि मोकळ्या हातांचं गाव

तांबुळगावच्या वेशीला तेव्हा दार होतं. दिवेलागणीला ते लावत, आणि बाहेर राहिलेल्याला सकाळपर्यंत कुणी आत घेत नसे, मग तो पाटलाचा जावई का असेना. तर ही गोष्ट त्या दाराच्या काळातली. साल विचारू नका. मी माझ्या आज्याला साल विचारलं होतं, तर त्यानं गोष्टच बंद केली आणि मला गुरं पाणी पाजायला पाठवलं.

त्या काळी गावात ठकू नावाची कासारीण राहायची. कासारीण म्हणजे बांगड्या भरणारी. नवरा घरी बसून पितळेची भांडी घडवायचा, आणि ठकू पाठीवर बांगड्यांचं गाठोडं टाकून बारा गावं फिरायची. अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ, आणि नजर अशी की समोरच्यानं आपोआप बाह्या खाली ओढाव्यात.

बांगडी भरणं हे काम बघायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. हात तेलानं मऊ करायचा, अंगठ्याचा उंचवटा दाबून आत घ्यायचा, बोटं जुळवायची आणि बांगडी अशी चढवायची की काच तडकू नये आणि बाई कळवळू नये. एका बाईला अर्धा तास तरी लागायचा. त्या अर्ध्या तासात बाई माहेरच्या, सासरच्या, चुलीच्या, म्हशीच्या सगळ्या गोष्टी सांगून टाकायची आणि ठकू "हूं, हूं" करत फक्त तिच्या हाताकडं बघायची. अशी तिनं पस्तीस वर्षं बारा गावच्या बायकांच्या हातांकडं बघितलं. वैद्य नाडी बघतो, जोशी हातावरच्या रेघा बघतो. ठकू कातडी बघायची, आणि कातडी तिच्याशी बोलायची, असं म्हणतात.

बोटांच्या बेचक्यात दोऱ्यासारखी बारीक रेघ दिसली की ठकू म्हणायची, "खरूज हाय. एकटीला न्हाई, अख्ख्या घराला हाय. रात्री समदी खाजवत बसता ना?" बाई लाजून मान हलवायची. गोल रिंगण, कडेला लाल, मधे साफ, म्हणजे गजकर्ण. उन्हात काम करणाऱ्याच्या मानेवर फिकट ठिपके आणि नखानं खरवडलं की पिठासारखा कोंडा, म्हणजे शिबं. त्यानं जीव जात नाही, नुसता आरशापुढचा वेळ वाढतो. सकाळी अंगभर गाठी आणि दुपारी काहीच नाही, म्हणजे पित्त. आमसुलाचं पाणी लावा आणि काल काय खाल्लं ते आठवा. असं तिचं चालायचं.

एकदा माळवाडीच्या इनामदारानं तिची गंमत करायची ठरवली. त्याच्या घरच्या बायका पडद्यामागं बसून फक्त हात बाहेर काढायच्या. त्या दिवशी इनामदारानं स्वतःच्या मनगटावरचे केस काढले, हाताला हळद लावली, आणि पडद्यातून आपलाच हात बाहेर काढला. नोकरमाणसं तोंडात पदर, उपरणी कोंबून उभी होती. ठकूनं हात हातात घेतला. वरून बघितला, खालून बघितला, एकेक नख बघितलं आणि म्हणाली, "इनामदार, चुडा भरू, पर आदी धोतराच्या गाठीखालचं गजकर्ण बरं करू."

पडद्यामागं बायकांचं जे हसणं सुरू झालं ते थांबेना. मनगटावर एक बारकंसं रिंगण होतं, नखांत कोंडा होता, आणि उन्हाळ्याचे दिवस होते. रिंगण आणखी कुठं असणार? पण लोक म्हणू लागले की ठकूला पडद्यापलीकडचं दिसतं. ठकूनंही ते कधी खोडून काढलं नाही. कामाला येतं म्हणायची.

दुसरी गोष्ट सटवाजी पैलवानाची. त्याला नागीण उठली. बरगडीवर एका बाजूला लाल पट्टा, त्यावर पाण्याचे फोड आणि अशी आग की बैल उचलणारा गडी लेकरासारखा रडत होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळालं की माणूस संपला. त्यामुळं लोक येऊन सटवाजीचा पट्टा मोजून जायचे आणि जाताना त्याच्या बायकोकडं दयेनं बघायचे. बिचाऱ्याचा अर्धा जीव आगीनं गेला होता आणि अर्धा या मोजण्यानं.

ठकू आली. तिनं पट्टा बघितला, पैलवानाला पालथं झोपवलं आणि कुंकवाच्या बोटानं त्याच्या पाठीच्या कण्यावर मानेपासून कमरेपर्यंत सरळ रेघ ओढली. मग फोडांकडं बोट करून म्हणाली, "नागिणी, ही माझी शीव. इथवर तू, पलीकडं हा. वलांडलीस तर माझ्याशी गाठ हाय."

नागिणीनं शीव ओलांडली नाही. पंधरा दिवसांत फोड सुकले आणि महिन्यानं सटवाजी पुन्हा आखाड्यात उतरला. नागीण ठकूला घाबरली, असं म्हणतात. मला विचाराल तर नागीण कण्याची शीव ओलांडतच नाही, तिची तीच रीत आहे. आणि ठकूनं इतक्या नागिणी बघितल्या होत्या की तिला ते पक्कं ठाऊक होतं. पण नुसतं सांगून सटवाजीला धीर आला असता का? त्याला कुंकवाची रेघ लागत होती. ठकूनं रेघ दिली.

आता खऱ्या गोष्टीकडं येतो. जरा जवळ सरका.

या सगळ्या रोगांत एक रोग असा होता की त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणायचे. महारोग. अंगावर फिकट डाग दिसला की लोक दुसरं काही विचारत नसत. ओढ्यापलीकडं एक खोपी होती. ज्याच्यावर ठपका आला त्याला तिकडं ठेवत. घरचं माणूस रोज ओढ्याच्या अलीकडं भाकरी ठेवून मागं फिरायचं. त्या खोपीत गेलेलं कुणी परत आलेलं नव्हतं. बरेचजण रोगानं मेलेच नाहीत, एकटेपणानं मेले. हे मी वाढवून सांगत नाही.

ठकूला हा रोगही ओळखता यायचा, आणि तो ती फार वाईट तऱ्हेनं शिकली होती. तरुणपणी कुण्या दूरच्या गावात ती एका बाईला बांगड्या भरत होती. काच तडकली, तुकडा तळहातात घुसला, रक्ताची धार लागली, आणि बाई आपली हसत हसत बहिणीच्या लग्नाचं सांगत राहिली. तिला कळलंच नाही. त्या दिवशी ठकूला समजलं की हा रोग आधी दुखणं पळवतो. डाग कसा दिसतो त्याच्यापेक्षा डागाला काय कळतं, ते बघायचं. त्या बाईलाही पुढं गावाबाहेर ठेवलं, पण ठकू दर श्रावणात तिच्या झोपडीत जाऊन तिचे हात भरायची, शेवटपर्यंत.

तर एका वैशाखात गावातल्या भिवाचं लग्न झालं. बायको गिरजा, खालच्या खोऱ्यातली, हसतमुख, जरा जास्तच बोलकी. सासू आवडाबाई तिच्यावर खूश होती, कारण सून भाकरी पातळ थापायची. आणि त्या वैशाखात ठकूनं नवीन माल आणला होता. जत्रेत एक परगावचा व्यापारी भेटला होता, त्याच्याकडं लाखेच्या चमकीच्या बांगड्या होत्या. उन्हात धरल्या की मोराच्या पिसासारखा रंग मारायचा. ठकूला त्या इतक्या आवडल्या की तिनं गाठोडं भरून घेतल्या. त्या सालच्या नवऱ्या मुलींना हिरव्या चुड्यासोबत चमकीच्या बांगड्या हव्याच होत्या. गिरजालाही भरल्या, दोन्ही हातांत.

आणि आमच्या गावची रीत अशी होती की नव्या नवरीचा पहिला चुडा वर्षभर उतरवायचा नाही. बांगडी वाढली, म्हणजे फुटली, तर तिथल्या तिथं दुसरी भरायची. हात मोकळा ठेवणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठणं.

ज्येष्ठात गिरजाचं मनगट खाजू लागलं. आषाढात लाल झालं, साल निघाली. ती कुणाला बोलली नाही. नवी सून, सासरी काय तक्रार करायची? आणि बांगडी तर काढायची नव्हतीच. ती बांगड्यांच्या खाली बोट घालून हळूच खाजवायची आणि हसतमुख राहायची.

नागपंचमीला वडाला झोका बांधला होता. बायकांचा मेळा जमला, गाणी सुरू झाली आणि गिरजा झोक्यावर चढली. उभ्यानं झोका घ्यायचा म्हणून तिनं दोन्ही हात वर करून दोर धरले. हात वर गेले तशा बांगड्या खळखळ करत कोपराकडं घसरल्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तिची दोन्ही मनगटं आली. पांढरी.

गाणं थांबलं. जिनं झोका द्यायचा ती मागं सरली. मग दुसरी सरली, मग सगळ्याच. झोका आपोआप हळू होत गेला आणि थांबला. त्याच्यावर गिरजा एकटी, दोर धरून. तिला उतरवायला कुणी पुढं झालं नाही. लांबून कुणीतरी तो शब्द उच्चारला.

त्या संध्याकाळी पाटलानं निकाल दिला. पाटील वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. गावाचा कारभार बघणाऱ्यानं भित्रं असलं की त्याचा ताप सगळ्यांना होतो. म्हणाला, परवा दिवस मावळायच्या आत गिरजानं ओढ्यापलीकडं जायचं. आवडाबाई कपाळाला हात लावून बसली. तिच्या दोन लेकी लग्नाच्या होत्या. रडत होती, पण सुनेजवळ जात नव्हती.

भिवानं मात्र धोतर खोचलं. "ठकूमावशीनं बगितल्याबिगर माजी बायकू कुटं जायची न्हाई," एवढं बोलून तो पळत सुटला. ठकू सात कोसांवर फिरतीवर होती. ती निरोप ऐकताच उठली. वाटेत नदीला पूर होता. ठकूनं गाठोड्यातल्या दोन हिरव्या बांगड्या काढल्या, नदीला भरल्या, आणि पाणी घोट्याएवढं झालं, असं म्हणतात. भिवा म्हणायचा, आम्ही वरच्या बंधाऱ्यावरून आलो. पण भिवाचं कोण ऐकतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळा गाव मारुतीच्या पाराभोवती जमला. पारावर गिरजा एकटी बसली होती आणि तिच्याभोवती दहा हात जागा मोकळी होती.

"ठकूबाई, सुनंच्या अंगावर पांढरं फुटलंया," पाटील लांबूनच म्हणाला. "तुमी बगा आन काय ते सांगा."

"सांगते. पर आदी तुमी समदी फुडं या," ठकू म्हणाली. "लांबनं रोग दिसत न्हाई, नुसतं भ्या दिसतं."

कुणी पुढं आलं नाही. ठकू सरळ पारावर चढली, गिरजाला खेटून बसली, आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, बांगड्या भरायला घ्यायची तसा. इतका वेळ दगडासारखी बसलेली गिरजा तेव्हा रडायला लागली. दोन दिवसांत तिला कुणी हात लावलेला नव्हता.

ठकूनं तिला रडू दिलं. मग तिच्याच पदरानं तिचे डोळे बांधले आणि समईची कापसाची कोरडी वात घेतली. "पोरी, वात लागली की बोट वर कर. न्हाई लागली तर गप ऱ्हा."

वात पांढऱ्या कातडीवर टेकली. बोट वर झालं. पुन्हा टेकली, पुन्हा बोट. मग ठकूनं वात नुसतीच हवेत फिरवली; बोट हललं नाही. पुन्हा हळूच टेकवली, माशी बसते तेवढी, बोट वर. असं सात वेळा झालं. आता लोक मान उंच करून बघायला लागले आणि बघता बघता पुढं सरकले. शेवटी पाटलाला राहवेना. "मला बगू द्या," म्हणून तो पारावर आला. त्यानं वात टेकवली, बोट वर झालं, आणि पाटलाच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून पोरं टाळ्या पिटायला लागली.

"महारोग न्हाई!" ठकू म्हणाली. "त्याच्या डागाला काय कळत न्हाई. हिला समदं कळतंय."

पण आवडाबाई उठून उभी राहिली. "मग पांढरं कशानं झालं, ठकूबाई? कोड म्हनायचं का? माज्या लेकी उजवायच्या हायेत. काय हाय त्ये आज सांगा."

ठकूनं पुन्हा हात बघितला. कोड सांडलेल्या दुधासारखं पसरतं, वेडंवाकडं, कुठं ओठावर, कुठं गुडघ्यावर. हे तसं नव्हतं. दोन्ही मनगटांना गोल, सारख्या रुंदीचं, कडा आखल्यासारख्या सरळ. अंगातला रोग असा मापानं येत नाही. तिनं कोपराजवळची चमकीची बांगडी हळूच खाली सरकवली. बांगडी बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर येऊन बसली, इकडं तिळभर नाही, तिकडं तिळभर नाही. ठकूनं बांगडीच्या आतला रंग नाकाशी धरला. उग्र वास आला.

बारा गावच्या कातडीचे रोग ओळखणारी बाई, आणि तिनं सगळीकडं बघितलं, फक्त स्वतःच्या गाठोड्यात बघितलं नव्हतं.

आता विचार करा. ती एवढंच म्हणू शकत होती की देवीचा कोप आहे, शांत करा. लोकांनी मानलं असतं. तिच्या शब्दावर नदी ओसरते म्हणणारे लोक ते. तिचं नाव राहिलं असतं, धंदा राहिला असता, आणि गिरजा ओढ्यापलीकडं गेली नसती तरी माहेरी गेली असती, जन्मभरासाठी.

ठकू उभी राहिली. "वैशाखात चमकीचा चुडा कुनी कुनी भरला? हात वर करा."

बायकांच्या घोळक्यात चुळबुळ झाली. मग एक हात वर झाला, मग दुसरा, असे चार हात. चार नव्या सुना. बांगड्या खाली घसरल्या. दोघींची मनगटं लाल, एकीची साल निघालेली, चौथीला नखाएवढं पांढरं. चौघीही इतके दिवस पदराखाली हात लपवून वावरत होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीलाच झालंय.

"हा रोग देवाचा न्हाई, आन पोरींच्या करमाचाबी न्हाई," ठकू म्हणाली. "ह्यो माज्या गाठोड्यातला हाय. बांगडीच्या रंगानं कातडी खाल्ली. इकला मी. मला शिव्या द्या, पोरींना देऊ नगा."

कुणी शिव्या दिल्या नाहीत. माणूस आपली चूक आपणच कबूल करून उभं राहिलं की त्याला द्यायला शिव्या आठवत नाहीत.

ठकूनं तेल मागवलं आणि गिरजाच्या हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या. तशी आवडाबाई धावत पारावर आली. ज्या सुनेला दोन दिवस शिवली नव्हती तिचाच हात तिनं घट्ट धरला. "अवो, चुडा न्हाई उतरायचा! माज्या लेकाच्या जित्तेपनी सुनंचे हात मोकळे? चमकीच्या काडा, हिरव्या ऱ्हाऊ द्या."

"कातडी वली हाय, आवडाबाई. आता काचबी घासंल तिला. हातावर काय बी नगं, पार रंग येईस्तोवर."

"आन भिवाला काय झालं तर?"

सगळ्या गावाच्या मनात तेच होतं. ठकू खाली बसली, आपलाच हात मांडीवर घेतला आणि आपल्या बांगड्या एकेक करून उतरवायला लागली. तिचा नवरा गर्दीत उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. तो कमी बोलणारा माणूस. त्यानं नुसतं "हूं" केलं. ठकूचे दोन्ही हात मोकळे झाले.

"हिचे हात भरंस्तोवर माजेबी मोकळे," ती म्हणाली. "माजा धनी धडधाकट ऱ्हायला तर हिचाबी ऱ्हाईल. बगत बसा."

आवडाबाई तिच्या हातांकडं बघत राहिली. मग सुनेच्या मनगटाकडं. नाक पुसलं, मांडी घालून बसली आणि आपल्या बांगड्या काढायला लागली. तिच्यामागं पाटलीणबाई आल्या, पाटलाला न विचारता. मग सटवाजीची बायको. मग एकीला बघून दुसरी. दिवस मावळला तेव्हा गिरजाला ओढ्यापलीकडं जायचं होतं ना? त्या वेळी तांबुळगावातल्या एकाही बाईच्या हातात बांगडी नव्हती, आणि पारावर बांगड्यांचा असा ढीग होता की मारुतीचे पाय दिसत नव्हते, असं म्हणतात. चमकीच्या तेवढ्या ठकूनं निवडून काढल्या आणि खड्डा करून पुरल्या. बाकीच्या अकरा गावांत जाऊन, काचेच्या बदल्यात घेऊन, सगळ्या चमकीच्या तिनं गोळा केल्या. तो व्यापारी पुढच्या जत्रेला आला नाही. त्याचं नशीब चांगलं.

आता पुढची गंमत ऐका. आठ दिवसांनी कुरणवाडीचा एक घोंगडीवाला गावावरून चालला होता. त्यानं विहिरीवर बघितलं तर पन्नास बायका पाणी भरतायत आणि एकीच्याही हातात बांगडी नाही. त्यानं घोंगड्या तिथंच टाकल्या आणि बोंब मारत कुरणवाडी गाठली: तांबुळगावचे सगळे गडी एका रात्रीत मेले!

दुसऱ्या दिवशी अख्खी कुरणवाडी सांत्वनाला आली. बायका छाती पिटत, म्हातारे काठ्या टेकत, डोक्यावर भाकरी-पिठल्याची टोपली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. वेशीतून आत शिरले तर पारावर पाटील बसून दाढी करून घेतोय.

"आरं, रडताय कुनाला?" पाटलानं विचारलं.

कुरणवाडीचा कारभारी हुंदका गिळून म्हणाला, "तुमालाच की, पाटील!"

मग काय, तिथंच पंगत बसली. मेलेल्या माणसांनी इतकं पिठलं खाल्लं की कुरणवाडीकर अजून आम्हाला त्यावरून टोमणे मारतात. पण गोष्ट कळली तेव्हा कुरणवाडीच्या बायकांनीही बाह्या वर केल्या आणि एकमेकींचे हात बघितले म्हणे. तिकडंही दोन चमकीचे चुडे निघाले.

श्रावण गेला, भादवा गेला. नवरात्रात बायका मोकळ्या हातांनी घटाला फुलं वाहत होत्या, आणि गावातला एकही गडी मेला नाही, साधं पडसंही कुणाला झालं नाही. दसऱ्याच्या सुमाराला ठकू गिरजाचा हात उन्हात धरून बघत होती आणि एकदम ओरडली. पांढऱ्यात तिळाएवढा एक काळसर ठिपका होता. मग दुसरा दिसला. कातडीचा रंग केसाच्या मुळापासून परत येत होता, तीळ पसरून ठेवावेत तसा. बायका रोज येऊन ठिपके मोजायच्या. कुणाचे किती झाले यावरून पाच घरांत पैजा लागल्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी ठकूनं काचेच्या बांगड्या आणल्या आणि सगळ्या गावचे हात एका दिवसात भरले. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तीनशे हात, आणि एकही बांगडी वाढली नाही, असं म्हणतात. गिरजाचा हात सगळ्यात शेवटी. तिचं उजवं मनगट पुरतं भरून आलं होतं. डाव्यावर चवळीएवढं पांढरं राहिलं ते राहिलंच. गिरजा ऐंशी वर्षं जगली, नातवंडं-पतवंडं बघितली, आणि तो डाग तिनं कधी झाकला नाही. भिवाही तिच्या बरोबरीनं म्हातारा झाला. ओढ्यापलीकडच्या खोपीत त्यानंतर गावानं कुणाला पाठवलं नाही. ठकूच्या हयातीत दोघांना खरा महारोग झाला, ठकूनंच तो ओळखला, आणि दोघं आपापल्या घरात राहिले. ठकू आठवड्यातून एकदा त्यांच्याकडं जाऊन जेवायची. ती जेवते म्हटल्यावर बाकीच्यांना लाज वाटायची.

ठकू खूप म्हातारी झाली. शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तरी बोटांनी बघायची. एका नव्या नवरीचा हात भरता भरता ती भिंतीला टेकली आणि तिचे डोळे मिटले, हात हातात तसाच. नवरीला वाटलं मावशी दमली, झोपली. पोरगी संध्याकाळपर्यंत हलली नाही, मावशीची झोप मोडेल म्हणून. ठकू तशी गेली.

आता तांबुळगावला रस्ता आहे, एसटी आहे, वेशीचं दार कधीच गेलं. पण मार्गशीर्षातला पहिला रविवार ठकूचा. त्या दिवशी बायका सगळ्या बांगड्या उतरवून अंगणात कोवळ्या उन्हात बसतात आणि एकमेकींचे हात, पाय, मान, पाठ बघतात. गडी माणसं सदरे काढून पारावर बसतात. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची, आता तिथंच गप्पांचा फड जमतो. आणि नव्या नवरीला आमच्याकडं आधी एकच बांगडी भरतात, डाव्या हातात. आठ दिवस वाट बघतात. खाजलं नाही, लाल झालं नाही, तर मग बाकीचा चुडा. बाहेरगावचे व्याही वैतागतात, पण कासार ऐकत नाही.

त्या रविवारचा नियम एकच. जो डाग दिसेल तो मोठ्यानं सांगायचा, कुजबुजायचं नाही. आणि ज्याच्या अंगावर डाग आहे त्याचा हात हातात घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. औषध आता आपण द्यायचं नाही, तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. पण ज्यानं डाग सांगितला त्यानं बरोबर जायचं.

सहा वर्षांपूर्वी मी पारावर बसलो होतो. शेजारी येऊन बसला दगडू, माझ्या बांधाशेजारचा. बांधावरून आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. जागा तेवढीच मोकळी होती म्हणून बसला. तो माझ्या पाठीकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं माझा हात हातात घेतला. अकरा वर्षांनी. मी समजलो.

"तात्या," तो म्हणाला, "तुमच्या पाठीवर फिकट डाग हाय. मी मगापास्नं त्याच्यावर सुतळी फिरवतोय. तुमाला कळत न्हाई."

दवाखान्यात महारोगच निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आलात, वर्षभर गोळ्या घ्या, पूर्ण बरे व्हाल. बारा महिने, बारा पाकिटं, आणि बाराही वेळा दगडू एसटीत माझ्याशेजारी बसून आला. मी बरा झालो. हातपाय सगळे शाबूत आहेत, बघा, हात लावून बघा, खुशाल लावा.

बांधाचं भांडण अजून मिटलेलं नाही. तो दीड हात आत आलाय, हे मी आजही सांगतो. पण ठकूच्या रविवारी मी लवकर जातो आणि दगडूसाठी शेजारची जागा धरून ठेवतो.